नितळ पाण्याची गोष्ट

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी लोक अजून मला पाणी दाखवायला आणतात. बिसलेरीच्या बाटलीत, दुधाच्या पिशवीत, एकाने तर थर्मासमध्ये आणलं होतं. चिंचवडला आमच्या सोसायटीच्या खाली उभं राहून, फोन करून विचारतात, "मॅडम, जरा बघता का?" मी बघते. डोळ्यांना काय दिसणार? पण "मला बघून कळत नाही" असं शास्त्रज्ञाने म्हटलेलं लोकांना आवडत नाही.

माझी सगळी नोकरी एका सरकारी प्रयोगशाळेत गेली. काम एकच, घाण पाणी उजेडाने साफ करायचं. शास्त्रीय नाव प्रकाश-उत्प्रेरण. भिंतीच्या पांढऱ्या रंगात जी पूड असते, तशीच पांढरी पूड आम्ही वापरायचो. ती पाण्यात ठेवली आणि तिच्यावर योग्य प्रकाश पडला, की तिच्या अंगावर पाण्यापासूनच काही फार तापट कण तयार होतात. समोर जे येईल, रंग, औषध, तेल, त्याचे ते तुकडे करतात. त्या तुकड्यांचे आणखी तुकडे करतात. पुरेसा वेळ दिला तर शेवटी पाणी आणि थोडा वायू एवढंच उरतं. पूड मात्र होती तेवढीच राहते. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला जादू वाटते. मारुंजीच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी मला विचारायला आले होते, "मॅडम, टँकरच्या पाण्याला वास येतो. टाकीत चार चमचे पूड टाकून झाकण उघडं ठेवलं तर?" एका बाईंना ती चेहऱ्यावरच्या डागांना लावून बघायची होती. मी दोघांनाही नको म्हटलं, आणि दोघांनाही वाटलं की मी काहीतरी लपवते आहे.

लोकांना भुलवायला आमच्याकडे एक हुकमी खेळ होता. काचेच्या नळीत गडद रंगाचं पाणी, शेजारी दिवा. पाहुण्यांचा चहा होईपर्यंत रंग फिका व्हायचा आणि ते जायला उठायच्या वेळी पाणी काचेसारखं झालेलं असायचं. सचिव आले, मंत्री आले, शाळेच्या सहली आल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही त्यात खूश असायचे, हे कबूल करते.

आता जे घडलं ते सांगते.

चाकणच्या बाजूला सूर्यवंशी म्हणून एकांचा छोटा कारखाना होता. गाड्यांच्या सीट शिवायला जो जाड दोरा लागतो, त्याला रंग द्यायचं काम. सूर्यवंशी मूळचे लातूरकडचे. वीस वर्षांपूर्वी अशाच एका कारखान्यात कामगार म्हणून आले आणि पुढे स्वतःचं शेड टाकलं. त्यांच्याकडचं सांडपाणी मागच्या ओढ्यात जायचं. ज्या दिवशी जो रंग, त्या दिवशी तसा ओढा. नोटिशी येऊन येऊन ते टेकीला आले होते. आमचं तंत्र प्रयोगशाळेबाहेर नेऊन बघायला मला एक कारखाना हवाच होता. त्यांनी मागच्या अंगणात जागा दिली, आम्ही नळ्या, दिवे, टाक्या बसवल्या.

इथे एक गोष्ट झाली ती लपवून चालणार नाही. प्रयोगशाळेत आम्ही पाणी पाच-पाच तास प्रकाशात ठेवायचो. कारखान्याला एवढा वेळ परवडत नव्हता. मागून पाणी येतच राहायचं. मग आम्ही वेळ कमी कमी करत गेलो. पाऊण तासात रंग पूर्ण जात होता. मी म्हटलं, पाऊण तास ठेवा. माझी सहकारी शुभांगी मूळची वनस्पतिशास्त्राची. ती म्हणाली, "मॅडम, रंग गेला हे दिसतंय, पण आत काय राहिलं ते एकदा बियांवर तपासू या का?" मी म्हटलं, "पुढच्या टप्प्यात बघू." पुढच्या आठवड्यात पाहणीला साहेब मंडळी येणार होती आणि माझ्या निवृत्तीला वर्षही राहिलं नव्हतं.

पाहणीच्या दिवशी कारखान्याच्या मागे मांडव घातला होता. टेबलावर दोन पेले, एकात जांभळं पाणी, दुसऱ्यात नितळ. फोटो चालले होते. तेवढ्यात ओढ्याच्या बाजूने डोक्यावर पदर घेतलेली एक बाई येऊन उभी राहिली. या हौसाबाई, नळ्या बसवताना ओळखीच्या झालेल्या. तिथल्या जुन्या शेतकरी घरातल्या. बहुतेक जमीन कारखान्यांसाठी गेलेली, मुलगा कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. ओढ्याकाठच्या उरलेल्या बारा गुंठ्यांत त्या मेथी-कोथिंबीर करायच्या आणि चाकणच्या बाजारात विकायच्या.

त्यांनी पेला हातात घेऊन उन्हात धरला.

"ह्ये त्येच पानी?"

"तेच," मी म्हटलं.

"वड्यात सोडनार त्ये?"

"हो, आजपासून असंच सोडणार."

"मंजी आता पानी चांगलं झालं म्हना की!"

फोटोवाला मला हाक मारत होता. मी वळता वळता हसून म्हटलं, "झालं की, हौसाबाई!"

हे तीन शब्द मी किती वेळा आठवले असतील.

तीन आठवड्यांनी मी आणि शुभांगी नमुने घ्यायला गेलो. ओढा आटलेला होता. कारखान्याचं पाणी खाली एका खोलगट जागी साचून छोटा डोह झाला होता. तळाचे गोटे दिसत होते. दोन पोरं काठावर मोटरसायकल धूत होती. मला इतकं बरं वाटलं की मी मोबाइलवर त्याचा फोटो काढला.

हौसाबाईंनी लांबूनच हाक मारली. पळत आल्या आणि माझ्या हातात कोथिंबिरीच्या दोन जुड्या दिल्या. हिरव्यागार, पाणी निथळत होतं.

"घ्या मॅडम. तुमच्याच पान्यानं धुतल्यात. पयलं घरून हंडं आनून भाजी धुवाया लागायची, कंबर मोडायची. आता खाली वड्यावर जाती, दोन जुड्या काय न् दोनशे काय."

माझ्या हातातून जुड्या खाली पडल्या. खरंच पडल्या. त्यांना वाटलं निसटल्या, त्यांनी उचलून परत दिल्या.

"बाजारात नेता ती सगळी भाजी?" मी विचारलं.

"सगळी. मानसं म्हनत्यात, हौसामावशी, तुझी भाजी लई सोच्छ."

"आणखी कशाला वापरता हे पाणी?"

"म्हस पाजती. गाभण हाय, तिला लांब न्यायला नको."

"प्यायला?" मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं.

"न्हाई वो, आमाला नळ हाय." मग जरा लाजून म्हणाल्या, "नळाला पानी न्हाई आलं त्या दिशी च्या केला. दोनदा का तीनदा. चव काय येगळी न्हाई लागली."

शुभांगीने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघू शकले नाही.

"हौसाबाई, आजपासून हे पाणी कशालाच वापरू नका. म्हशीलाही नको. मी तपासून सांगते."

"का वो? तुमीच तर म्हनला, चांगलं झालं."

"चुकून म्हणाले."

त्या हसल्या. मी चेष्टा करते आहे असं त्यांना वाटलं. "इतकं नितळ पानी," म्हणाल्या आणि भाजीकडे वळल्या.

प्रयोगशाळेतल्या मोठ्या यंत्राला नंबर लावावा लागतो, दोन-तीन दिवस जातात. मला तेवढाही दम नव्हता. शुभांगीने मागे सांगितलेली तपासणी मी घरीच केली. ओट्यावर तीन वाट्या मांडल्या. प्रत्येकीत ओल्या फडक्यावर पन्नास मूग. एकीत नळाचं पाणी, दुसरीत कारखान्याचं रंगीत, न साफ केलेलं पाणी, तिसरीत आमच्या यंत्रातून आलेलं नितळ पाणी. वर झाकणी.

दोन दिवसांनी सकाळी झाकण्या काढल्या. नळाच्या पाण्यातल्या मुगांना पांढरेशुभ्र मोड आले होते. जांभळ्या पाण्यात निम्म्याअर्ध्यांना आले होते, आखूड, पण आले होते. नितळ पाण्याच्या वाटीत एकही मोड नव्हता. पन्नासच्या पन्नास मूग फुगून मऊ पडले होते आणि त्यांना आंबूस वास येत होता.

मी वाट्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून खालच्या चिठ्ठ्या बघितल्या. पुन्हा बघितल्या.  नवरा चहा मागत होता, मी आधी शुभांगीला फोन लावला.

शुभांगीने प्रयोगशाळेत तीच तपासणी चार वेळा केली. चारही वेळा तेच. मग त्या मोठ्या यंत्राने पाण्यात काय काय आहे त्याची यादी दिली. त्यात दोन नावं अशी होती की आमच्या कपाटात त्यांच्या बाटल्यांवर कवटीचं चित्र असतं.

काय झालं होतं ते सांगते. हिरव्या काचेची बाटली फोडली तर बाटली दिसेनाशी होते, काच नाहीशी होत नाही. आणि अख्खी बाटली पायाखाली आली तर फार तर माणूस धडपडेल, तुकड्यांनी पाय कापतो. रंगाच्या रेणूचं तेच झालं. त्याचा जो भाग डोळ्यांना रंग दाखवतो तो आधी तुटतो. पाऊण तासात तो तुटला, पाणी नितळ झालं, आणि बाकीचे तुकडे, मूळ रंगापेक्षा जास्त विषारी, तसेच पाण्यात राहिले. पाच तास ठेवलं असतं तर तेही संपले असते. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पुस्तकात असतं हे. मी विद्यार्थ्यांना शिकवलंय हे.

मी तशीच चाकणला गेले. सूर्यवंशींनी उठून खुर्ची दिली. गेटवर नवा बोर्ड लागला होता, 'येथील सांडपाणी प्रकाशाने शुद्ध केले जाते.'

"बंद करा," मी म्हटलं. "एक थेंबही ओढ्यात जाता कामा नये."

सगळं ऐकून ते परत खुर्चीत बसले. मग म्हणाले, "मॅडम, ओढा काळा-जांभळा व्हायचा तेव्हा लोक मला तोंडावर शिव्या द्यायचे. मी खाली मान घालून जायचो. ह्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा मान वर करून गावातून गेलो. आता तुम्ही म्हणता, तेव्हापेक्षा आता जास्त विष सोडलं मी?"

"मी सोडलं. तुम्ही नाही."

ते उठले आणि स्वतः मागे जाऊन पंपाचं बटण बंद केलं. सगळं पाणी टँकरने दुसरीकडे, मोठ्या प्रक्रिया केंद्रात पाठवायचं ठरलं. मला वाटलं होतं वाद होईल. वाद झाला नाही, ते जास्त जड गेलं.

पण डोह होताच. तो उपसायला टँकर मिळायला चार दिवस लागणार होते. आम्ही काठावर बोर्ड लावला, 'पाणी विषारी आहे, वापरू नये.' दुसऱ्या दिवशी गेले तर बोर्डावर कोणाचा तरी टॉवेल वाळत होता आणि खाली तीन पोरं अंघोळ करत होती. मी ओरडून त्यांना बाहेर काढलं. एकजण म्हणाला, "काकू, तळ दिसतोय की!"

हौसाबाई गोठ्याच्या दाराशी बसल्या होत्या. पहाटे म्हैस गाभडली होती, पोटातलं रेडकू गेलं होतं. जनावरांचा डॉक्टर येऊन गेला होता, त्याने सांगितलं की कारणं खूप असू शकतात. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. मुगाचं, पाऊण तासाचं, शुभांगीने विचारलं होतं आणि मी ऐकलं नाही, तेही.

त्या मला बोलतील असं वाटलं होतं. त्यांनी म्हशीपुढे वैरण सरकवली. मग अगदी हळू म्हणाल्या, "काळं व्हतं तवा जनावर बी तोंड लावत नव्हतं. तुमी त्येला पांढरं केलंसा, म्हनून आमी प्यालो."



"बाजारात कितीकांनी नेली भाजी," त्या म्हणाल्या. "कुनाकुनाला सांगू मी आता?" थोड्या वेळाने उठल्या, डोहाकडे बघितलं. पोरं परत काठावर आली होती. "बोर्ड कोन वाचतंय? मंग रंग टाका की परत त्यात. घान दिसलं की आपसूक लांब ऱ्हातील."

मी आधी ते नीट ऐकलंच नाही. मग कळलं. अख्खं आयुष्य पाण्यातला रंग काढण्यात गेलं आणि ही बाई मला सांगत होती की तो परत घाला. आणि तिचं बरोबर होतं.

कारखान्यातला रंग टाकणं शक्यच नव्हतं. मी चाकणच्या बाजारात एका किराणा दुकानात गेले आणि मिठाईत घालतात तो लाल रंग मागितला. "पाच ग्रॅमची पुडी देऊ?" दुकानदार म्हणाला. मी म्हटलं, "आहे तेवढा सगळा द्या." त्याने आतून डबे काढले आणि कौतुकाने विचारलं, "घरात लग्न आहे का?"

मी आणि हौसाबाई, आम्ही दोघींनी डोहाच्या काठावर उभं राहून डबे रिकामे केले. भर दुपारी. लाल रंग धुरासारखा पसरत गेला, गोटे दिसेनासे झाले, आणि थोड्याच वेळात तो डोह बघवेना असा झाला. मी आयुष्यात काढलेले सगळे रंग मला त्यात दिसले म्हटलं तरी चालेल. पोरं लांब सरली. मागून आवाज आला, "ओ बाई! काय करता? चांगलं पाणी नासवताय!" वरच्या रस्त्यावर दोघं-तिघं मोबाइल धरून उभे होते.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ चाकणपासून हिंजवडीपर्यंत फिरला. 'सरकारी शास्त्रज्ञ बाई ओढ्यात केमिकल ओतताना रंगेहाथ पकडली.' रंगेहाथ तर खरंच होते, माझे हात चार दिवस लाल होते. माझ्या भावाने फोन केला, "ताई, ही तूच का?" प्रयोगशाळेतून फोन आला. तिसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात चौकशी. सरपंच, दोन अधिकारी, आमचे साहेब, दारात गर्दी. साहेबांनी मला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मॅडम, फक्त 'चाचणीचा भाग होता' म्हणा. बाकी काही बोलू नका."

अधिकाऱ्यांनी विचारलं, "व्हिडिओत तुम्हीच आहात?"

मी हो म्हणायच्या आत हौसाबाई गर्दीतून पुढे आल्या. "मी वतला रंग," म्हणाल्या. "मॅडमनी निस्तं डबं धरलं. माज्या म्हशीचं काय झालं ते बघून या आदी, मंग कागूद लिवा."

 मग मी उभी राहिले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. साहेब माझ्याकडे बघत नव्हते, छताच्या पंख्याकडे बघत होते. शेवटी एका अधिकाऱ्याने विचारलं, "म्हणजे स्वच्छ दिसत होतं तेव्हाच धोका होता?" मी म्हटलं, "हो." त्याने पेन खाली ठेवलं आणि समोरचा पाण्याचा पेला हळूच बाजूला सरकवला.

डोह त्याच दिवशी उपसला. हौसाबाईंच्या तपासण्या करून घेतल्या, अजून दर सहा महिन्यांनी करते. काही निघालेलं नाही. पण अशा गोष्टी लगेच निघतातच असं नाही, हे मला माहीत आहे आणि मी ते त्यांच्यापासून लपवलेलं नाही. म्हशीचं कारण कोणीच सिद्ध करू शकलं नाही. बाजारात ती भाजी कोणी कोणी खाल्ली, हे कधीच कळणार नाही. हौसाबाईंनी पुढे दोन महिने भाजी विकली नाही. विचारलं तर म्हणायच्या, "हात उचलत न्हाई."

सूर्यवंशींकडचं यंत्र आम्ही काढलं नाही. टाक्या वाढवल्या, वेळ वाढवला, त्याच्यापुढे जिवाणूंची एक टाकी लावली, कारण प्रकाशाने केलेले तुकडे ते खातात. शुभांगीच्या बियांच्या तपासणीत पाणी पास झाल्याशिवाय आता तिथे झडप उघडत नाही. ते आजही चालू आहे. मला त्याचा अभिमान आहे, आणि तो अभिमान मला मोठ्याने सांगता येत नाही.

प्रकल्पाच्या अहवालात मी एक पान माझ्या चुकीचं लिहिलं. साहेब म्हणाले, "चार महिन्यांनी तुमची निवृत्ती आहे. हे पान कशाला? तंत्राचं नाव खराब होईल." ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी तीस वर्षं तंत्राचं नाव सांभाळलं होतं. मी पान ठेवलं. निवृत्तीच्या समारंभात माझ्याबद्दल बरंच बोललं गेलं, या प्रकल्पाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

मागच्या महिन्यात एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेतला तरुण शास्त्रज्ञ. अहवाल त्याच्या हाती लागला होता.

"मॅडम, तुमचं ते पान वाचलं," तो म्हणाला. "आमचंही असंच यंत्र आहे, दोन वर्षांपासून. पाणी अगदी नितळ येतं. म्हणून काल मूग घालून बघितले."

"आणि?"

"एकालाही मोड नाही."

 "ते पाणी कुठे जातं?" मी विचारलं.

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"अहो, कुठे जातं ते पाणी?"

"शेजारी शाळा आहे, मॅडम. तिथल्या बागेला दिलंय. मुलं भाज्या लावतात. माध्यान्ह भोजनाला..." त्याने वाक्य अर्धवट सोडलं. "आत्ता पण चालू असेल. मला कळेना काय करावं, म्हणून आधी तुम्हाला फोन केला."

"मला कशाला?" मी ओरडले. स्वयंपाकघरातून नवरा धावत आला इतक्या मोठ्याने. "ठेव तो फोन! पळ आणि आधी नळ बंद कर!"